मैदान मंजूर झालं, किल्ली कोणाकडे? लहान गावात अनुदानातून क्रीडा संकुल उभारताना

नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी चक्कर मारा, एखादी ओपन जिम हमखास दिसेल. कोणाच्या निधीतून झाली तो बोर्ड शाबूत, सायकलचं एक पॅडल गायब, आणि खाली गवत गुडघ्याएवढं. पुढे गेलात तर व्यायामशाळेची इमारतही दिसेल, कुलूप लावलेली. पैसा आला, काम झालं, बिलं निघाली, फोटोही छापून आले. नंतर दिवाबत्ती कोणी करायची, एवढंच ठरलं नव्हतं.

म्हणून पहिल्यांदाच या कामात पडणाऱ्या नगरसेवकांनी, सरपंचांनी, तरुण मंडळांनी आणि निवृत्त मास्तरांनी उलट्या बाजूने सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. आधी चालवायचं कसं ते लिहा, मग काय बांधायचं ते ठरवा. निधीसाठी दार ठोठावणं त्यानंतर. बांधायला अनुदान मिळतं, चालवायला जवळजवळ नाहीच मिळत.

पहिला कागद: महिन्याचा खर्च

आर्किटेक्टकडे जाण्याआधी एक साधा कागद घ्या. पहारेकरी, सफाई, वीज, पाणी, किरकोळ दुरुस्ती असे रकाने पाडा आणि प्रत्येक रकान्यासमोर पैसे कोण देणार त्याचं नाव लिहा. ‘नगरपंचायत बघेल’ हे उत्तर चालणार नाही. नगरपंचायतीच्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली तरतूद आहे का, हे विचारा.

आकडे काढायला इंजिनिअर लागत नाही. २०० वॅटचे आठ एलईडी दिवे रोज तीन तास लावले तर दिवसाला ४.८ युनिट जळतात, महिन्याला १४४. हे परवडतं. आता हिरवळीचा हिशेब करा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळीला रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी दिवसाला वीस हजार लिटर झालं, म्हणजे दहा हजारी दोन टँकर. मनमाड, येवला, नांदगाव या भागात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे तिथल्या माणसाला सांगायला नको. अशा गावात चित्रात हिरवागार लॉन दाखवणाऱ्या आर्किटेक्टला चहा पाजून परत पाठवा. जलतरण तलावाचंही तेच. २५ बाय १० मीटरचा, सरासरी १.४ मीटर खोलीचा तलाव एकदा भरायला साडेतीन लाख लिटर लागतात. बाष्पीभवन, फिल्टर धुणं, क्लोरीन आणि जीवरक्षकाचा पगार वेगळा.

उलट छपराचं पाणी फुकट असतं. ५०० चौरस मीटर पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के धरला, तर दोन लाख लिटर मिळतात. टाकी किंवा बोअरचं पुनर्भरण मूळ अंदाजपत्रकातच घाला, नंतर त्याला वेगळा निधी मिळत नाही.

जागा: सातबारा बोलतो, तोंडी शब्द नाही

शहरी भागात पहिली चौकशी विकास आराखड्याची. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात नकाशा मागा आणि क्रीडांगण किंवा बगीचा म्हणून आरक्षित जागा कुठे आहेत ते बघा. जागा खासगी मालकाची असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम १२७ लक्षात ठेवा. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, मालकाने नोटीस दिली आणि त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. बऱ्याच गावांची मैदानं अशीच, कोणी न बघता गेली आहेत.

दुसरा पर्याय लेआउटमधल्या ओपन स्पेसचा. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती जागा त्या वसाहतीच्या रहिवाशांसाठी असते आणि तिच्यावर फार थोडं बांधकाम करता येतं. छोटं मैदान आणि चालायची वाट हरकत नाही, इनडोअर हॉलची स्वप्नं तिथे बघू नका.

ग्रामीण भागात सगळ्यांचं बोट गायरानाकडे जातं. गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असा निकाल जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला, त्यानंतर गायरानाबाबत सरकारी यंत्रणा फार जपून पावलं टाकते. सार्वजनिक कामासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव करता येतो, पण ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे. ठरावावर भरवसा ठेवून कुंपण घालणाऱ्यांची फाइल पुढे अतिक्रमणाच्या टेबलावर जाते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर पट्ट्यात वनजमिनीचा प्रश्न येतो. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने, एका हेक्टरपेक्षा कमी वनजमीन तेरा प्रकारच्या सोयींसाठी वळवता येते. त्या यादीत सामुदायिक केंद्र आहे, शाळा आहे, रस्ता आहे. क्रीडांगण नाही. प्रस्तावाचं नाव काय ठेवायचं, याचा विचार इथेच करायचा. मात्र नाव सामुदायिक केंद्राचं असेल तर आत खरंच सामुदायिक केंद्र हवं.

एखादे दानशूर आजोबा दोन एकर देतो म्हणाले तर आनंदच, पण नोंदणीकृत बक्षीसपत्र झाल्याशिवाय नारळ फोडू नका. आजोबांचा शब्द पक्का असतो, वारसांचा वेगळा असू शकतो.

जागा कुठलीही असो, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि हद्दीच्या खुणा गाडून त्यांचे फोटो काढा. सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’ रकाना वाचा. नदीकाठची जागा असेल तर पूररेषा तपासा. २००८ च्या गोदावरीच्या पुरानंतर नाशिककर निळी रेषा (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द), लाल रेषा (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) हे शब्द शिकले, पण सटाण्याची आरम असो की निफाडची कादवा, तिथल्या समित्यांनीही जलसंपदा विभागाला विचारून घ्यावं. उघडं मैदान पुरात गेलं तरी वाळतं. लाकडी बॅडमिंटन कोर्ट गेलं की गेलं.

काय बांधायचं

इथे थोडं रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

पहाटे पाच वाजता गावाबाहेरच्या रस्त्यावर जाऊन उभे राहा. अंधारात, ट्रकच्या उजेडात धावणारी पोरं-पोरी दिसतील. ही भरतीची मुलं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक असते. तुमच्या संकुलाचे वर्षभर, न चुकता येणारे ग्राहक हेच. त्यांना सिंथेटिक ट्रॅक नको असतो. मोजून आखलेला, पाणी न साचणारा मुरमाचा ट्रॅक हवा असतो, म्हणजे घड्याळ लावून सराव करता येतो. ४०० मीटरच्या ट्रॅकला चार-साडेचार एकर लागतात. तेवढी जागा नसेल तर २०० मीटरचा चार लेनचा ट्रॅक एक-सव्वा एकरात बसतो, आणि १६०० मीटर म्हणजे आठ फेऱ्या हा हिशेब कोणालाही जमतो. कडेला गोळाफेकीचं वर्तुळ आखा, ७.२६ किलोचे आणि ४ किलोचे गोळे ठेवा.

हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आली, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला. दोघांच्याही गावात घुमटाकार हॉल नव्हता. हॉल नको असं मी म्हणत नाही, पण दहा कोटींचा हॉल आणि धावायला डांबरी रस्ता हा क्रम चुकीचा आहे.

ट्रॅकच्या मधल्या जागेत कबड्डी आणि खो-खो. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. खो-खोला २७ बाय १६. व्हॉलीबॉलला १८ बाय ९, पण चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून. मैदानांची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळी एका संघाच्या डोळ्यात सूर्य. आणि कृपा करून कबड्डीच्या मैदानाखाली काँक्रीट ओतू देऊ नका. ठेकेदाराला सोपं पडतं, पोरांचे गुडघे जातात. चालायच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक टाकण्याची हौसही तशीच. ज्येष्ठ मंडळी आठवडाभर त्यावर चालतात आणि मग शेजारच्या मातीवर उतरतात. पायवाट तिथेच पडलेली दिसते.

तालमीची परंपरा असलेल्या गावात कुस्तीचा हौद वगळू नका. हौद म्हणजे नुसता लाल मातीचा खड्डा नव्हे. माती चाळून घ्यायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळायचा, रोज खणायची, परतायची, ओलावा राखायचा. हे करणारा वस्ताद गावात असेल तरच हौद घ्या. नसेल तर मॅट घ्या आणि ती गुंडाळून ठेवायला कोरडी खोली काढा.

इनडोअर हॉल घेतलाच तर बॅडमिंटनसाठी आत किमान नऊ मीटर मोकळी उंची ठेवा. समाजमंदिराच्या नकाशावर ‘बहुउद्देशीय सभागृह’ लिहून पाच मीटरवर स्लॅब टाकला की शटल छताला लागतं, आणि मग तिथे बहुउद्देशापैकी फक्त लग्नं होतात. पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना खेळाच्या उंचीवर खिडक्या नकोत.

हवामान आणि माती जिल्ह्यात सगळीकडे सारखी नाही. इगतपुरीला पत्र्याचा उतार, पन्हाळी आणि गटार यांवर खर्च करा. तिथे मैदान चार महिने चिखलात असतं, म्हणून छप्पर असलेलं एक कोर्ट खरंच उपयोगी. निफाड पट्ट्यात काळी कसदार जमीन, द्राक्षाला उत्तम आणि बांधकामाला तापदायक. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. वरची काळी माती काढून मुरूम भरून, दाबून घेतल्याशिवाय ट्रॅक किंवा फरशी घातली तर दोन पावसाळ्यांत लाटा उठतात. माती परीक्षणाचा अहवाल अंदाजपत्रकाला जोडा, म्हणजे मुरमाचं परिमाण वाढलं तरी कोणी भुवया उंचावत नाही.

शेवटचं, आणि सगळ्यात स्वस्त. मुलींसाठी वेगळं, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. प्रवेशापासून तिथपर्यंत उजेड. हे नसेल तर निम्मं गाव येणारच नाही. अपंगांसाठी उतार करताना एकास बाराचं प्रमाण पाळा. एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन पायऱ्यांवर फळी टाकल्यासारखे उतार पाहून चीड येते.

पैसा कुठून

जिल्हा वार्षिक योजनेत क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशा अनुदान योजना असतात. प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जातो, निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो. नवख्यांनी सुरुवात इथून करावी. रक्कम मोठी नसते, पण वाट मळलेली आहे. तालुका क्रीडा संकुल हा वेगळा, मोठा प्रकार. त्याची अनुदान मर्यादा २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी झाली. ते संकुल नगरपंचायतीचं नसतं, तालुका क्रीडा संकुल समितीचं असतं. तुमच्या तालुक्यात आधीच मंजूर होऊन अर्धवट पडलेलं असेल, तर नवं मागण्यापेक्षा ते पुरं करून घेण्यात शहाणपण आहे.

याशिवाय नगरपरिषदांना राज्य सरकारची नगरोत्थान आणि वैशिष्ट्यपूर्ण कामांची योजना, ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) हिस्सा, आदिवासी तालुक्यांत आदिवासी उपयोजना आणि पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू असलेल्या गावांना मिळणारा पाच टक्के अबंध निधी. आमदारांचा आणि खासदारांचा स्थानिक विकास निधी प्रत्येकी वर्षाला ५ कोटी असतो, पण त्यावर शेकडो गावांचा डोळा असतो. त्यांच्याकडे पूर्ण संकुल मागू नका. संरक्षक भिंत, दिवे, स्वच्छतागृह असा एक नेमका, स्वतंत्र उभा राहणारा भाग मागा.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचं दार नाशिकमध्ये अनेकांना माहीत असतं, ठोठावणारे कमी. ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे, सातपूर-अंबडपासून सिन्नरच्या माळेगाव-मुसळगावपर्यंत कारखाने आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते. अनुसूची सातमध्ये ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांच्या ‘प्रशिक्षणाला’ चालना असा उल्लेख आहे. म्हणून कंपनीकडे भिंत नको, प्रशिक्षकाचं मानधन, मॅट, साहित्य, मुलींची शिबिरं मागा. सरकारी अनुदानाला नेमकं हेच जमत नाही. तुमचं मंडळ न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर प्राप्तिकर खात्याकडची (१२-अ, ८०-जी म्हणून ओळखली जाणारी) नोंदणी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. सीएसआर-१ ही १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे.

दोन योजनांचे पैसे एकाच संकुलात येऊ शकतात, एकाच कामावर नाही. ‘सदर काम इतर कोणत्याही योजनेतून मंजूर नाही’ असा दाखला तुम्हालाच द्यायचा असतो. त्यामुळे कुठला भाग कुठल्या योजनेतून, हा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा. मात्र निविदा टाळण्यासाठी एकाच भिंतीचे चार तुकडे पाडले तर लेखापरीक्षणात आक्षेप आलाच म्हणून समजा.

फाइलचा प्रवास

ग्रामसभा किंवा सर्वसाधारण सभेचा ठराव, त्यात गट नंबर, क्षेत्र आणि देखभालीची जबाबदारी स्पष्ट. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा शंभर, यातली कमी असेल ती गणपूर्ती लागते. सह्यांचं पान जपा. मग स्थळपाहणी, नकाशा, चालू दरसूचीवर (सरकारी कामाच्या दरांची यादी) अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता (अभियंत्यांची), प्रशासकीय मान्यता (खर्चाला मंजुरी), ई-निविदा, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचं पत्र). कुठल्या योजनेत आधी तांत्रिक मागतात, कुठल्यात प्रशासकीय. त्या टेबलावर आधी विचारा.

अंदाजपत्रक स्वतः वाचा. १८ टक्के जीएसटी आणि १ टक्का बांधकाम कामगार उपकर धरला आहे का? वीजजोडणीची रक्कम, बोअर, जमिनीचं सपाटीकरण, पाणी काढून देणारं गटार? हे चार विसरले की इमारत उभी राहते आणि मीटर बसत नाही. दरसूची बदलली की जुनं अंदाजपत्रक परत येतं, म्हणून फाइल दोन वर्षं कपाटात ठेवण्याची चैन करू नका.

वेळेचंही गणित आहे. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा साधारण हिवाळ्यात आकार घेतो. दिवाळीआधी प्रस्ताव परिपूर्ण हवा. मार्चअखेरीला टेबलापुढची गर्दी बघितलीत तर कळेल. मध्येच आचारसंहिता लागली की कार्यारंभ आदेश नसलेली कामं थांबतात. नाशिकला यात भर सिंहस्थ कुंभमेळ्याची. २०२७ च्या पर्वणीसाठी रस्ते, घाट, पूल यांची कामं चालू असताना चांगले ठेकेदार, मिक्सर आणि अभियंते तिकडे गुंतलेले असतात. छोट्या गावाच्या निविदेला प्रतिसाद न येणं, मुदतवाढ द्यावी लागणं हे गृहीत धरून वेळापत्रक करा.

प्रत्येक पत्राची पोच घ्या. आवक क्रमांक आणि तारीख नसलेलं पत्र म्हणजे दिलेलंच नाही.

काम चालू असताना

अंदाजपत्रकाची आणि कार्यारंभ आदेशाची प्रत समितीकडे हवी. सरळ मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ठेकेदाराशी भांडू नका, कनिष्ठ अभियंत्याला विचारा. काँक्रीटचे ठोकळे ७ आणि २८ दिवसांनी तपासले का, मुरमाचे थर वेगवेगळे दाबले का, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली का. आणि जे पुढे झाकलं जाणार आहे, म्हणजे पाया, सळई, भूमिगत पाइप, त्याचे फोटो त्याच दिवशी काढा. पुढे पाइप कुठून गेलाय हे सांगायला तो ठेकेदार सापडत नाही.

ताबा आणि किल्ली

उद्घाटनाच्या आधी नियमांची एक पानी पाटी तयार ठेवा: वेळा, शुल्क, महिलांची राखीव वेळ, किल्ली कोणाकडे. मैदान फुकट आणि इनडोअर कोर्टाला तासाचं शुल्क, ही विभागणी बहुतेक ठिकाणी चालते. पैसे पावतीने, स्वतंत्र बँक खात्यात. मंडळाला चालवायला द्यायचं असेल तर तोंडी नको. नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ९२ ची (नगरपरिषदेची मालमत्ता दुसऱ्याला देण्याची) प्रक्रिया मुख्याधिकाऱ्यांकडून समजून घेऊन करार करा, मुदत लिहा, आणि लग्न, मंडप, सभा यांना मैदान द्यायचं की नाही हे करारातच लिहा. एकदा मांडवाचे खड्डे ट्रॅकमध्ये पडले की ते बुजवायला कोणी येत नाही.

किल्ली शक्यतो अशा माणसाकडे द्या ज्याला स्वतःला पहाटे तिथे यायचं असतं. भरतीची तयारी करून घेणारा प्रशिक्षक, वस्ताद, रोज चालणाऱ्या काकू. पदाधिकाऱ्याच्या खिशातली किल्ली तो नाशिकला मीटिंगला गेला की गावाबाहेर जाते.

पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं) वेळेत पाठवा, त्याशिवाय पुढचा हप्ता आणि पुढची योजना दोन्ही अडतात. त्यानंतर दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधी संपतो ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. पहिला पावसाळा संपला की अभियंत्याला घेऊन संकुलात फेरी मारा. कुठे गळतं, कुठे फरशी उचलली, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, दिव्याचा कुठला खांब हलतो, याची फोटोंसह यादी करा आणि ठेकेदाराची सुरक्षा अनामत परत जाण्याआधी ती कार्यालयात पोच घेऊन द्या. मुदत संपल्यावर दिलेल्या यादीवर ‘निधी उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल’ असा शेरा येतो.